‘तेव्हाच करायला हवं होतं’ या वाक्याचं काय करायचं?

झालं गेलं गंगेला मिळालं, आता पुढे बघ. पश्चात्तापात रुतलेल्या माणसाला हा सल्ला जो तो देतो, आणि तो बहुतेक वेळा वाया जातो. देणाऱ्याची कळकळ खरी असते. पण ज्याला विसरणं जमतं त्याला सल्ल्याची गरजच पडत नाही, आणि ज्याला जमत नाही त्याच्या डोक्यावर एका ओझ्याची दोन होतात: आधीची चूक, आणि वर ती अजून विसरता येत नाही याची लाज.

माझं मत विचाराल तर विसरायची गरजच नाही. चुकीचा हिशोब एकदा नीट कागदावर मांडावा लागतो. त्यातून जे आपल्या वाट्याचं निघेल त्याची जमेल तेवढी भरपाई करावी लागते. आणि जगावंसं वाटण्याची वाट न बघता दिवसाला आधी हात घालावा लागतो. वाटणं मागाहून येतं. या तिन्ही गोष्टी शिकता येतात, आणि तिन्हींत माणसं ठरावीक जागी अडकतात. त्या जागा आधी माहीत असल्या तर बराच त्रास वाचतो.

सगळ्यात आधी एक गैरसमज. एवढं टोचतंय म्हणजे आपली चूकही तेवढीच मोठी असणार, असं जवळजवळ प्रत्येकाला वाटतं. १९८२ साली डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी लोकांपुढे एक प्रसंग ठेवला. दोन प्रवासी एकाच गाडीतून विमानतळाकडे निघाले, रहदारीत अडकले आणि विमानाच्या वेळेनंतर अर्ध्या तासानं पोचले. पहिल्याला कळलं, त्याचं विमान वेळेवर गेलं. दुसऱ्याला कळलं, त्याचं विमान उशिरा सुटलं, अगदी पाच मिनिटांपूर्वी. जास्त हळहळ कोणाला वाटेल? शंभरातल्या ९६ जणांनी दुसऱ्याकडे बोट दाखवलं. दोघांचं नुकसान सारखंच, आणि दोष दोघांचाही नाही. पण ‘पाच मिनिटं आधी पोचलो असतो तर’ हे चित्र दुसऱ्याच्या डोळ्यांपुढे सहज उभं राहतं, पहिल्याच्या राहत नाही.

अपघाताच्या दिवशी नेहमीचा रस्ता सोडून दुसऱ्या रस्त्यानं गेलेला माणूस पुढची कित्येक वर्षं त्याच वळणावर उभा का राहतो, ते यातून कळतं. रस्ता बदलणं हा काही गुन्हा नाही. ‘नेहमीच्या रस्त्यानं गेलो असतो तर’ हे कल्पायला फार सोपं आहे, इतकंच. म्हणून किती टोचतंय यावरून किती चुकलं हे ठरवायचं नाही. ते वेगळं मोजावं लागतं.

टॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक यांनी १९९०च्या दशकात आणखी एक गोष्ट दाखवली. केलेल्या गोष्टींचा पश्चात्ताप सुरुवातीला जास्त झोंबतो, पण वर्षं सरतात तसा न केलेल्या गोष्टींचा वरचढ होतो. न दिलेली परीक्षा, न विचारलेला प्रश्न, न केलेला फोन. केलेल्या चुकीला कडा असतात: अमुक झालं, अमुक नुकसान झालं, पुढे अमुक केलं. न केलेल्या गोष्टीला कडाच नाहीत. ती केली असती तर काय काय झालं असतं, याची यादी मन वाढवत नेतं, आणि त्या यादीत वाईट काहीच नसतं. ज्याला ‘ते शिक्षण सोडलं नसतं तर’ हे छळतं, त्यानं त्या न जगलेल्या आयुष्याचा एक साधा मंगळवार लिहून काढावा. सकाळी किती वाजता उठणं, कोणाच्या हाताखाली काम, कशाची कटकट, संध्याकाळी किती थकवा. स्वप्न खोटं ठरवायचा हेतू यात नाही. त्याला माणसाच्या आयुष्याएवढं करायचं, मग त्याच्याशी बोलता येतं.

आता हिशोबाकडे. इथली मुख्य अडचण आहे पश्चातबुद्धी. बारूक फिशहॉफ यांनी १९७५ साली तिचा पद्धतशीर अभ्यास केला. १९७२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीन आणि सोव्हिएत संघाच्या दौऱ्यावर जाण्याआधी विद्यार्थ्यांना विचारलं होतं की अमुक घडण्याची शक्यता किती, तमुक घडण्याची किती. दौरे झाल्यावर त्यांना आपापले जुने अंदाज आठवायला सांगितलं. जे घडलं होतं, त्याची शक्यता आपण आधीच बरीच धरली होती, अशी त्यांची समजूत झालेली दिसली. कोणी मुद्दाम खोटं बोलत नव्हतं. निकाल कळला की आधीचं अज्ञान आठवतच नाही. ‘मला दिसत होतं, तरी मी काही केलं नाही’ या वाक्यातला पहिला अर्धा भाग म्हणूनच तपासून घ्यावा लागतो.

त्यासाठी वही घ्या, पानाच्या मध्ये उभी रेघ मारा. डावीकडे त्या वेळी माहीत होतं ते, उजवीकडे नंतर कळलं ते आणि कधी कळलं ते. ऐकायला सोपं वाटतं, पण करताना हमखास गडबड होते, म्हणून एक उदाहरण जवळून पाहू.

समजा, एखाद्या मुलीला वाटतंय की वडिलांना दवाखान्यात न्यायला तिनं दोन दिवस उशीर केला आणि त्यात ते गेले. ती डाव्या रकान्यात लिहिते, ‘रविवारी रात्री हार्ट अटॅकची लक्षणं होती.’ हे वाक्य चुकीच्या रकान्यात पडलं आहे. रविवारी रात्री घरात कोणाच्याही तोंडी ‘हार्ट अटॅक’ हा शब्द नव्हता. तो मंगळवारी डॉक्टरांच्या तोंडून आला. डावीकडे फक्त तेच जाईल जे त्या क्षणी डोळ्यांना दिसलं, कानांनी ऐकलं, आणि शक्य असेल तिथं वेळेसकट. म्हणजे असं: रविवार, रात्री नऊ, बाबा म्हणाले छातीत जळजळतंय. हे महिन्यातून एकदा तरी म्हणायचे. नेहमीची पित्ताची गोळी घेतली. साडेदहाला बरं वाटतंय म्हणाले. घाम नव्हता, धाप नव्हती. डॉक्टरकडे जाऊ या का, असं विचारलं, नको म्हणाले. सोमवारी नेहमीसारखे उठले. उजवीकडे: दुखणं हृदयाचं होतं, हे मंगळवारी दुपारी कळलं. मधल्या दिवशी ते सौम्य होऊनही आतून वाढत असू शकतं, हे त्यानंतर आठवड्यानं वाचलं.

डावा रकाना तटस्थ माणसाला वाचायला द्या आणि फक्त एवढंच विचारा, ‘हे एवढंच माहीत असतं तर तू काय केलं असतंस?’ शेवट सांगू नका. बहुतेकदा समोरचा तेच म्हणतो जे तुम्ही केलं होतं.

कधी कधी म्हणत नाही. डाव्या रकान्यात सरळ लिहिलेलं निघतं की माहीत होतं आणि टाळलं. पैसे परत द्यायचे नाहीत हे घेतानाच ठरलं होतं. दारू पिऊन गाडी हाकायला बसलो तेव्हा शेजारच्यानं किल्ली मागितली होती. असं निघालं तर वही बंद करू नका. हिशोब माफीनामा म्हणून मांडायचा नसतो. तो प्रामाणिक असला तरच उपयोगाचा, आणि खरा दोष निघणं हेही एक प्रकारे बरंच असतं. धुरकट अपराधाशी काही करता येत नाही, स्पष्ट अपराधाची भरपाई सुरू करता येते.

दुसरी पायरी वाटणीची. आघातानंतरच्या अपराधभावनेवर काम करणारे एडवर्ड कुबनी यांच्या उपचारपद्धतीत यावर बराच भर आहे. जे घडलं त्याला कारणीभूत ठरलेल्या सगळ्या गोष्टींची यादी करायची, प्रत्येकीला शंभरातले काही टक्के द्यायचे, आणि स्वतःचं नाव सगळ्यात शेवटी लिहायचं. हा क्रम मोडला की सगळं फसतं. स्वतःपासून सुरुवात केली की माणूस ८० लिहून मोकळा होतो आणि उरलेल्या २०त सगळं जग कोंबतो. वरच्या मुलीच्या यादीत काय येईल? आजार स्वतः. वर्षानुवर्षांचा रक्तदाब आणि सिगारेट. दुखणं पित्तासारखंच होतं हा योगायोग. बाबांचा नकार. घरातली आणखी दोन माणसं, ज्यांनीही तेच पाहिलं. नंतर, उरलं असेल तर, ती. आकडा १० निघेल, १५ निघेल. त्या आकड्याला विज्ञानाचा आधार नाही, आणि असायची गरजही नाही. शंभरावर अडकलेली सुई हलली की काम झालं. पण शून्य आला तर मी तो पुन्हा काढायला सांगेन. जवळच्या माणसानं ‘तुझी काहीच चूक नाही’ म्हटल्यावर जो क्षणभर आराम पडतो आणि रात्री विरतो, तसंच या शून्याचं होतं. १५ टक्के माणसाला पेलता येतात, कारण ते त्याला मनातून पटतात.

हे सगळं कधी आणि किती वेळ करायचं, याला महत्त्व आहे. जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ साली ज्या लेखनप्रयोगापासून या क्षेत्रातलं संशोधन सुरू केलं, त्यात लोक रोज १५ मिनिटं, सलग चार दिवस, आपल्या सगळ्यात जड अनुभवाबद्दल लिहीत होते. लिहून झाल्यावर लगेच त्यांना बरं वाटत नव्हतं. उलट उदास वाटायचं. फायदा दिसायचा तो पुढच्या महिन्यांत. लोक पहिल्या दिवशी लिहितात, रडतात, ‘यानं तर आणखीच वाईट झालं’ म्हणून सोडतात. ते उदास वाटणं अपेक्षितच आहे. म्हणून झोपायच्या आधी लिहू नये. दिवसा लिहावं, घड्याळ लावावं, आणि उठल्यावर लगेच हातापायांचं काहीतरी काम ठरलेलं असावं. चार दिवस झाले की थांबावं. पाचव्या दिवशीही तीच वाक्यं उमटत असतील तर ते लिखाण राहिलेलं नाही, ते रवंथ झालं आहे.

हा रवंथच खरा शत्रू. सुझन नोलेन-होक्सेमा यांनी आयुष्यभर त्याचा अभ्यास केला: दुःखात सापडल्यावर त्याच दुःखाची कारणं आणि परिणाम घोळवत बसणारी माणसं जास्त काळ आणि जास्त खोल निराश राहतात. फसवणूक अशी की घोळवताना आपण काहीतरी सोडवतोय असं वाटतं. ओळखायची सोपी खूण म्हणजे प्रश्नाची सुरुवात. ‘मी असा का वागलो? माझ्याच नशिबी हे का?’ या ‘का’ला तळ नाही. एडवर्ड वॉटकिन्स यांच्या उपचारात ‘का’वरून ‘कसं’वर येण्याचा सराव करून घेतात. त्या दिवशी काय कोणत्या क्रमानं झालं? कोणत्या ठिकाणी दुसरा रस्ता होता? तसाच प्रसंग पुन्हा आला तर पहिली दोन मिनिटं मी काय करेन? उत्तर हाताला लागतं ते अशा प्रश्नांचं. अर्ध्या तासात एकही नवं उत्तर निघालं नाही तर उठायचं, खोली बदलायची, कामाला लागायचं.

विचार दिवसभर घुसतच असतील तर त्यांना वेळ नेमून द्यावी. काळजीवर संशोधन करणारे टॉमस बोर्कोव्हेक यांची ही जुनी युक्ती: रोज एकाच वेळी, एकाच जागी, अर्धा तास. इतर वेळी विचार आला की दोन शब्दांत टिपून ठेवायचा आणि ‘सहा वाजता’ असं म्हणून हातातल्या कामाकडे परतायचं. विचार दाबायचा नाही, पुढे ढकलायचा. सहा वाजता टिपणं उघडली की निम्मी बोथट झालेली असतात. रात्रीसाठी नियम वेगळा. अंथरुणात साधारण वीस मिनिटं झोप आली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत, मंद उजेडात, कंटाळवाणं काहीतरी करायचं आणि डोळे जड झाल्यावरच परत यायचं. झोप कितीही थोडी झाली तरी सकाळी उठायची वेळ तीच. अंथरूण ही पश्चात्ताप करायची जागा झाली की पाठ टेकताच मन त्याच कामाला लागतं, ती सवय अशी मोडावी लागते.

आता भरपाई. इथं माणसं दोन टोकांना जातात: एक तर काहीच करत नाहीत आणि आतल्या आत कुढतात, नाहीतर एका रात्रीत सगळं कबूल करून मोकळे होतात. माफी मागायची तर काय बोलायचं, यावर रॉय लेविकी आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली अभ्यास प्रसिद्ध केला. माफीचे सहा भाग त्यांनी तपासले. सगळ्यात वजनदार ठरली जबाबदारीची कबुली: चूक माझी होती. त्याखालोखाल, मी ती अशी भरून देईन. ‘मला क्षमा कर’ ही विनंती सहांत सगळ्यात हलकी निघाली. आणि आपण बरोबर उलटं करतो! क्षमा मागत राहतो, म्हणजे समोरच्यावर आणखी एक काम टाकतो.

उपयोगाची माफी चार-पाच वाक्यांची असते. ‘त्या सहा महिन्यांत तू एकटी आईचं सगळं करत होतीस आणि मी फोनसुद्धा उचलत नव्हतो. ती चूक माझी होती. तुझी नोकरी त्यात गेली हे मला माहीत आहे. औषधांचा झालेला खर्च मी दर महिन्याला थोडा थोडा देणार आहे, पहिली रक्कम या एक तारखेला. तुला उत्तर द्यायची गरज नाही.’ यात ‘पण’ नाही, ‘तुला वाईट वाटलं असेल तर’ नाही, त्या वेळच्या आपल्या अडचणींची कहाणी नाही. पाठवण्याआधी दोन दिवस ठेवून पुन्हा वाचा. ‘पण’ कुठेतरी लपलेला असतोच. पाठवल्यावर उत्तर आलं नाही, किंवा शिव्या आल्या, तरी हप्ता थांबवायचा नाही. क्षमा मिळणं हा या कामाचा भाग नाही.

एक मर्यादा मात्र पाळावी. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या बारा पायऱ्यांतली नववी पायरी भरपाईची आहे, आणि तिच्यातच अट घातली आहे की ज्यांची भरपाई करायची त्यांना किंवा इतर कोणाला त्यानं इजा होणार असेल तर करू नये. आपलं मन हलकं करायला दुसऱ्याच्या शांत घरात जुनं गुपित फोडणं ही भरपाई नाही. ज्यानं संबंध तोडले आहेत आणि संपर्क करू नकोस म्हटलं आहे, त्याचं म्हणणं पाळणं हीच त्याची भरपाई.

आणि जो माणूस आता नाहीच? इथं पश्चात्ताप सगळ्यात जिद्दीनं चिकटतो, कारण समोर कोणी उरलेलं नसतं. अशा वेळी त्याच प्रकारचं काम दुसऱ्या कोणासाठी, छोटं आणि नियमित करावं. आईशी बोलायला वेळ दिला नाही याची बोच असेल तर घरातल्या, नात्यातल्या एखाद्या एकट्या म्हाताऱ्या माणसाला दर गुरुवारी भेटायला जावं. मोठी देणगी देऊन हिशोब मिटवावासा वाटतो. तो मोह टाळावा. एका दिवसाचं मोठं काम त्या दिवसापुरतंच पुरतं. दर गुरुवारी पाळलेला शब्द माणसाचं स्वतःबद्दलचं मत हळूहळू बदलतो.

स्वतःला शिक्षा करत राहिलं तरच आपण सुधारू, असं मानणारे पुष्कळ आहेत. पुरावा त्याच्या विरुद्ध आहे. मायकेल वोल आणि सहकाऱ्यांच्या २०१० सालच्या अभ्यासात, पहिल्या परीक्षेआधी टाळाटाळ केल्याबद्दल ज्या विद्यार्थ्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेच्या तयारीत टाळाटाळ कमी केली. जुलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन यांनी २०१२ साली दाखवलं की आपल्या चुकीकडे ममतेनं पाहायला सांगितलेली माणसं सुधारण्यासाठी जास्त प्रयत्न करतात. याचं कारण कळायला कठीण नाही. ‘मी वाईट केलं’ असं म्हणणारा दुरुस्तीकडे जातो, ‘मी वाईटच आहे’ म्हणणारा तोंड लपवतो. लपलेल्या माणसाच्या हातून भरपाई होत नाही.

इथवर चुकीबद्दल बोलून झालं. पण पुष्कळांचा हिशोब मिटतो तरी जगण्याची ओढ परत येत नाही. सकाळी उठून करायचं काय, हेच कळत नाही. यावर सगळ्यात भरवशाचं जे माहीत आहे ते पीटर लेविनसोन यांच्या १९७०च्या दशकातल्या कामातून आलं: निराशेत माणूस एकेक गोष्ट सोडत जातो, सोडल्यामुळे आनंद आणि समाधान मिळण्याच्या जागा आटतात, त्यानं निराशा वाढते, मग आणखी सोडतो. हे चक्र भावनेच्या टोकाकडून फिरवता येत नाही, कृतीच्या टोकाकडून येतं. २०१६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या इंग्लंडमधल्या एका मोठ्या चाचणीत ४४० नैराश्यग्रस्तांपैकी निम्म्यांना अशी कृतीवर आधारलेली साधी उपचारपद्धत दिली, तीही थोडक्या प्रशिक्षणाच्या कनिष्ठ कार्यकर्त्यांकडून. उरलेल्यांना अनुभवी तज्ज्ञांकडून बोधनात्मक वर्तनोपचार (सीबीटी, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारे उपचार) दिले. एका वर्षानं पाहिलं तेव्हा पहिली पद्धत दुसरीपेक्षा कमी पडली नव्हती.

करायचं असं. पहिला आठवडा काहीही बदलायचं नाही, नुसती नोंद. दर दोन तासांनी काय केलं ते एका ओळीत, पुढे दोन आकडे शून्य ते दहामध्ये: आनंद किती, आणि काम पार पडल्याचं समाधान किती. आठवड्यानंतर वही चाळली की दिसतं, ‘सगळे दिवस सारखेच वाईट’ हे खरं नव्हतं. कपडे वाळत घातले तेव्हा समाधान ३ होतं. दुपारभर फोन चाळला तेव्हा दोन्ही शून्य. दुसऱ्या आठवड्यात ३ असलेली कामं वाढवायची आणि शून्यवाल्यांच्या जागी बसवायची. रोज दोन पुरे. ती वेळेला बांधायची, मनःस्थितीला बांधायची नाहीत. ‘बरं वाटलं तर फिरायला जाईन’ असं लिहिलं की ते होत नाही. ‘साडेसातला चपला घालून कोपऱ्यापर्यंत’ असं लिहिलं तर होण्याची शक्यता बरीच. तेही झालं नाही तर काम निम्मं करायचं: चपला घालून दारापर्यंत. लाज वाटावी इतकं छोटं वाटलं तरी तिथूनच सुरू करा. पहिल्याच सोमवारी पहाटेचं उठणं, व्यायाम, वाचन, सगळं एकदम धरणारा माणूस गुरुवारी सगळं सोडतो आणि पश्चात्तापाच्या यादीत आणखी एक नोंद करतो.

यात फसवं काय, तर आनंदाचा आकडा. पहिले दोन-तीन आठवडे तो १ किंवा २वरच रेंगाळतो, आणि लोक म्हणतात, उपयोग नाही. समाधानाचा आकडा बहुधा आधी हलतो. त्याच्याकडे लक्ष ठेवावं. दुसरी अडचण खास पश्चात्तापवाल्यांची: जरा बरं वाटलं की अपराधी वाटतं. तो गेला आणि मी हसतेय! या भावनेशी वाद घालू नये. ती येते, थांबते, जाते. ठरलेलं काम मात्र अर्धवट टाकून उठायचं नाही. तिसरी अडचण टाळण्याची. ते घर, तो रस्ता, ती माणसं, त्याचे फोटो, सगळं वर्ज्य होत जातं आणि जग आक्रसतं. टाळलेल्या गोष्टींची यादी करून सगळ्यात सोपीपासून एकेक परत मिळवावी, आधी कोणाच्या सोबतीनं, मग एकट्यानं.

कामं निवडताना पश्चात्तापालाच विचारावं, असं मी सुचवेन. आपल्याला ज्याची किंमत वाटते तिथंच खंत वाटते. मुलांच्या लहानपणी घरी नव्हतो याची सल असणाऱ्याला नाती मोलाची वाटतात, हे वेगळं सांगायला नको. मुलं मोठी झाली असतील, पण आज ती आहेत. त्यांना आठवड्यातून एक फोन, उपदेश न करता वीस मिनिटं ऐकायचं, हे पहिल्या दोन कामांतलं एक असू शकतं.

काही वेळा मात्र वही पुरत नाही. दिवसाचा बहुतेक वेळ, सलग दोन आठवड्यांहून जास्त, मन उदास किंवा कशातच रस नाही, झोप-भूक बिघडलेली, हालचाल मंदावलेली, आणि लहानसहान जुन्या गोष्टींबद्दलही अपराधी वाटतंय, तर हे नैराश्य असू शकतं. अवाजवी अपराधभावना हे त्या आजाराचंच एक लक्षण आहे. तापात जग जसं वेगळं दिसतं तसा त्यात भूतकाळ वेगळा दिसतो. अशा वेळी आधी डॉक्टर, मग हिशोब. औषधं सुरू झाली तर परिणाम दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण यायला सहा-आठ. आठव्या दिवशी गुण नाही म्हणून सोडू नयेत, आणि बरं वाटलं म्हणून मनानं बंदही करू नयेत. या काळात नोकरी सोडणं, घर विकणं, नातं तोडणं असे निर्णय पुढे ढकलावेत.

‘झोपेतच संपलो तर बरं’ इथपासून ‘आपण संपवून टाकावं’ इथपर्यंत विचार सरकला असेल, तर आजच कोणाला तरी सांगायचं. भारतात टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत, मराठीतही उपलब्ध आहे. जीव धोक्यात असेल तर थेट जवळच्या रुग्णालयात. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन यांनी तयार केलेला सुरक्षा आराखडा एका पानाचा असतो आणि तो बऱ्या वेळेला लिहून ठेवायचा असतो. त्यात एवढं लिहायचं. आपल्याला वादळ येतंय हे कशावरून कळतं. तेव्हा एकट्यानं काय केलं की थोडं निभावतं. कोणाजवळ, कुठल्या जागी गेलं की लक्ष दुसरीकडे जातं. कोणाला सरळ सांगून मदत मागायची, नाव आणि नंबरासकट. कोणते डॉक्टर, कोणती हेल्पलाइन. आणि घरातल्या धोक्याच्या वस्तू कोण आपल्या ताब्यात ठेवणार. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, असा आराखडा करून नंतर फोनवर विचारपूस झालेल्या रुग्णांत पुढच्या सहा महिन्यांतलं आत्मघाती वर्तन जवळजवळ निम्म्यानं कमी होतं. शेवटच्या कलमाला लोक कमी लेखतात. ती तीव्र लाट बहुधा थोड्या वेळाची असते, आणि त्या वेळात हाताशी काही नसणं जीव वाचवतं. रिचर्ड सायडन यांनी १९७८ साली अशा ५१५ माणसांचा मागोवा घेतला, ज्यांना आत्महत्येच्या अगदी उंबरठ्यावर दुसऱ्या कोणीतरी थांबवलं होतं. अनेक वर्षांनंतर त्यांतले ९० टक्क्यांहून जास्त जण एक तर जिवंत होते, नाहीतर नैसर्गिक कारणानं गेले होते.

सोबतच्या माणसांसाठी थोडं. ‘जिवाचं काही करावंसं वाटतं का?’ हे सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. ‘तुझी काही चूक नाही’ हे घाईनं म्हणू नका, ‘सांग, कसं झालं’ म्हणा. आणि मोघम ‘काही लागलं तर सांग’ यापेक्षा ‘उद्या साडेसातला मी खाली उभा आहे, फिरायला जाऊ’ हे कितीतरी उपयोगाचं.

सगळं मार्गी लागल्यावरही काही तारखा कठीण जातात: वर्षश्राद्ध, निकालाचा महिना, तुटलेल्या लग्नाचा दिवस. त्या दिवशी पहिल्या रात्रीइतकंच टोचू शकतं आणि केलेलं सगळं वाया गेलं असं वाटतं. तसं झालेलं नसतं. कॅलेंडरवर ती तारीख आठवडाभर आधी खूण करून ठेवा, त्या दिवशीची दोन कामं आणि एक माणूस आधी ठरवा, दारू टाळा, आदल्या रात्री झोपेची वेळ पाळा. हाती काही नवी माहिती आलेली नसेल तर हिशोब पुन्हा मांडत बसू नका, जुनं पान वाचा. तारीख उलटून आठवडा झाला आणि तरीही झोप परतली नाही, किंवा संपवून टाकावं हा विचार एकदाही डोकावला, तर पुढच्या भेटीची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.